टोकाला लावलेले बल फिरवण्यात खर्च होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर्षण नसलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक एकसमान पट्टी ठेवली आहे. तिच्या मध्यावर काटकोनात बल लावले तर ती सरळ सरकते. तेवढेच बल तेवढाच वेळ टोकावर लावले तर ती सरकते आणि शिवाय फिरते. पाठ्यपुस्तक सांगते की दोन्ही वेळा वस्तुमान केंद्राला मिळणारा वेग सारखाच असतो. प्रश्नकर्त्याला हे पटत नाही. बलाचा काही भाग पट्टी फिरवण्यात गेला असेल तर ती सरकवण्यासाठी कमीच उरायला हवे, आणि तसे होत नसेल तर फिरण्याची ऊर्जा फुकट कुठून आली, असे त्यांचे म्हणणे आहे. पुष्टी म्हणून त्यांनी उताराचे उदाहरण दिले आहे : घरंगळणारी वृत्तचिती घर्षणाविना घसरणाऱ्या ठोकळ्याच्या मागे पडते, म्हणजे फिरण्याने काहीतरी खाल्लेच ना?

पाठ्यपुस्तकातले विधान बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे, कारण त्या विधानातल्या ‘तेवढेच बल तेवढाच वेळ’ या शब्दांत एक अट दडलेली आहे आणि प्रत्यक्ष हाताने टिचकी मारताना ती बहुधा पाळली जात नाही. त्या अटीकडे मी नंतर येतो. हा विषय शिकवताना मला वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसत आली आहे : विद्यार्थ्यांचे गणित चुकत नाही, पण बल आणि ऊर्जा या दोन राशींकडून ते एकाच प्रकारच्या वागणुकीची अपेक्षा ठेवतात. ऊर्जा साठते, वाटली जाते, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. तिचा जमाखर्च मांडता येतो. बलाचा असा जमाखर्च नसतो. ते सरकवण्याच्या आणि फिरवण्याच्या कामांत विभागले जात नाही, दोन्ही समीकरणांत ते पूर्णच्या पूर्ण येते.

असे का, हे कणांच्या पातळीवर पाहिले की स्पष्ट होते. पट्टी म्हणजे असंख्य कणांचा समूह आहे. प्रत्येक कणाचे त्वरण त्याच्यावर बाहेरून लागणारे बल आणि शेजारच्या कणांनी लावलेली अंतर्गत बले मिळून ठरवतात. सर्व कणांची समीकरणे लिहून त्यांची बेरीज केली की अंतर्गत बले न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जोडीजोडीने रद्द होतात आणि उरते ते इतकेच : बाह्य बलांची सदिश बेरीज ही एकूण वस्तुमान आणि वस्तुमान केंद्राचे त्वरण यांच्या गुणाकाराइतकी असते. बल कोणत्या कणावर लागले होते याची नोंद या बेरजेत कुठेच शिल्लक राहत नाही. घूर्णनाचे समीकरणही याच कणांच्या समीकरणांतून निघते, फक्त बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक बलाचे वस्तुमान केंद्राभोवतीचे आघूर्ण, म्हणजे टॉर्क, घ्यावे लागते. बल कुठे लागले याची नोंद राहते ती इथे. मध्यावर लावलेल्या बलाचा टॉर्क शून्य, टोकावर लावलेल्याचा सर्वाधिक. दुसऱ्या समीकरणात टॉर्क आला म्हणून पहिल्यातले बल कमी करण्याचे काहीच कारण नाही.

आता आकडे घालून पाहू. पट्टी १ मीटर लांब आणि ०.२ किलोग्रॅम वस्तुमानाची आहे आणि तिच्यावर १० न्यूटन बल ०.०१ सेकंद लागले असे धरा. आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, झाला ०.१ न्यूटन-सेकंद, आणि बल मध्यावर लागो वा टोकावर, वस्तुमान केंद्राचा वेग झाला ०.५ मीटर प्रति सेकंद. मध्यावर लावल्यास गोष्ट इथेच संपते. गतिज ऊर्जा ०.०२५ जूल. टोकावर लावल्यास आवेगाचा मध्यापासूनचा भुजा अर्धा मीटर आहे, मध्याभोवतीचा जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२ इतका आहे, आणि त्यावरून कोनीय वेग ३ रेडियन प्रति सेकंद येतो. घूर्णनाची ऊर्जा येते ०.०७५ जूल, म्हणजे सरकण्याच्या ऊर्जेच्या तिप्पट. एकूण ऊर्जा ०.१ जूल, मध्यावर बल लावले होते तेव्हाच्या चौपट. दृढ वस्तूची गतिज ऊर्जा वस्तुमान केंद्राच्या गतीची आणि त्याभोवतीच्या फिरण्याची अशा दोन भागांत स्वच्छ मांडता येते हे गणितज्ञ केनिगने १७५१ मध्ये दाखवले होते, आणि वरची बेरीज त्यामुळेच करता येते.

तुमचा खरा प्रश्न इथे उभा राहतो : बल तेच, वेळ तोच, मग ऊर्जा चौपट कशी? उत्तर कार्याच्या व्याख्येत आहे. कार्य मोजताना बलाला वेळेने गुणायचे नसते, बल ज्या बिंदूवर लागले आहे त्या बिंदूच्या विस्थापनाने गुणायचे असते. मध्यावर बल लागते तेव्हा तो बिंदू शून्यापासून ०.५ मीटर प्रति सेकंद वेगापर्यंत जातो, म्हणून ०.०१ सेकंदात तो सरासरी ०.२५ मीटर प्रति सेकंद वेगाने २.५ मिलिमीटर सरकतो. टोकावर बल लागते तेव्हा टोकाला केंद्राचा ०.५ आणि फिरण्यामुळे आणखी १.५ असा एकूण २ मीटर प्रति सेकंद वेग मिळतो, आणि तेवढ्याच वेळात ते १० मिलिमीटर पुढे जाते. बल १० न्यूटनच, पण एकदा २.५ मिलिमीटर आणि एकदा १० मिलिमीटर. गुणाकार करून पाहा : ०.०२५ जूल आणि ०.१ जूल. फिरण्याची ऊर्जा फुकट आलेली नाही; बल लावणाऱ्या हाताने ती दिली आहे, आणि ती देण्यासाठी त्याला चौपट अंतर पुढे जावे लागले आहे. (या वेळात पट्टी एक अंशापेक्षाही कमी फिरते, त्यामुळे बलाची दिशा पट्टीशी काटकोनातच राहिली हे गृहीत धरायला हरकत नाही.)

टिचकीचा काळ इतका अल्प असतो की हे अंतर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी वर्गात याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण घेतो, ज्यात सगळे सावकाश घडते. घर्षणरहित पृष्ठभागावर दोन सारख्या भरीव चकत्या आडव्या ठेवल्या आहेत. एकीच्या मध्यावर दोरा बांधला आहे, दुसरीच्या कडेभोवती दोरा गुंडाळला आहे, आणि दोन्ही दोरे सारख्याच स्थिर बलाने सरळ ओढले जात आहेत. कोणती चकती आधी पोहोचेल असे विचारले की बहुतेक जण पहिलीचे नाव घेतात. प्रत्यक्षात दोन्ही चकत्या बरोबरीने पुढे जातात. फरक दिसतो तो ओढणाऱ्या हातांत. भरीव चकतीच्या बाबतीत, केंद्र जेवढे पुढे सरकते त्याच्या दुप्पट दोरा उलगडतो. दोन्ही चकत्या ३० सेंटिमीटर सरकल्या तेव्हा पहिला हात ३० सेंटिमीटर गेलेला असतो आणि दुसरा ९० सेंटिमीटर. दुसऱ्या हाताने तिप्पट कार्य केले; त्यातला एक भाग सरकण्यात आहे आणि दोन भाग फिरण्यात.

आता त्या अटीकडे येतो. ‘मी स्वतः पट्टीला टिचकी मारून पाहिली आणि टोकाला मारल्यावर ती कमी सरकली’ असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे निरीक्षण बरोबर असण्याची दाट शक्यता आहे. तेवढेच बल तेवढाच वेळ लावणे ही गोष्ट पूर्णपणे बोटाच्या हातात नसते. वर आपण पाहिले की टोकाला मिळणारा वेग मध्याला मिळणाऱ्या वेगाच्या चौपट असतो. म्हणजे बोटाच्या दृष्टीने टोकाशी असलेली पट्टी एक चतुर्थांश वस्तुमानाची असल्यासारखी वागते. टोक चटकन पुढे निघून जाते, बोटाचा दाब कमी होतो, संपर्क लवकर सुटतो आणि आवेग कमी मिळतो. नियम मोडलेला नसतो, पण तुलना बदललेली असते. त्यामुळे ‘टोकाला मारल्यास पट्टी तितकीच सरकेल का?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दोन प्रसंगांत काय समान ठेवले आहे यावर अवलंबून आहे. आवेग समान ठेवला तर तितकीच सरकेल. ऊर्जा समान दिली तर सरकण्याच्या वाट्याला फक्त चौथा हिस्सा येईल आणि केंद्राचा वेग निम्मा राहील.

तिसरी शक्यता प्रत्यक्ष टिचकीच्या सर्वांत जवळची आहे : आदळणारी वस्तू आणि तिचा वेग समान ठेवणे. पट्टीच्याच वस्तुमानाची एक छोटी चकती ठरावीक वेगाने येऊन पूर्ण स्थितिस्थापक रीतीने, म्हणजे गतिज ऊर्जा जराही न गमावता, आदळते असे समजा. ती मध्यावर आदळली तर स्वतः थांबते आणि पट्टीला आपला सगळा वेग देते. तीच टोकावर आदळली तर पट्टीच्या केंद्राला तिच्या वेगाच्या ०.४ पट वेग मिळतो, आणि चकती थांबत नाही, ०.६ पट वेगाने पुढे जात राहते. ऊर्जेचा हिशेब करा : मूळ ऊर्जेपैकी १६ टक्के सरकण्यात, ४८ टक्के फिरण्यात, ३६ टक्के चकतीकडेच. बेरीज १०० टक्के. पट्टी कमी सरकली हे खरे, पण ‘बल फिरवण्यात खर्च झाले’ म्हणून नाही, तर आवेगच ०.४ पट मिळाला म्हणून. केंद्राचा वेग आवेग भागिले वस्तुमान इतकाच आहे, इथेही.

खऱ्या टेबलावर आणखी एक गुंतागुंत असते. पट्टीच्या प्रत्येक भागावरचे घर्षण त्या त्या भागाच्या वेगाच्या उलट दिशेने लागते, आणि पट्टी फिरत असताना निरनिराळ्या भागांचे वेग निरनिराळ्या दिशांना असतात. त्यामुळे पट्टी शेवटी कुठे जाऊन थांबली यावरून या नियमाची परीक्षा करू नका. टिचकीनंतरचा पहिला क्षणच काय तो विश्वासाचा. तो क्षण पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. पट्टीच्या ज्या बाजूने टिचकी मारणार त्याच बाजूला, पण दुसऱ्या टोकाला खेटून, एक नाणे ठेवा आणि या टोकाला टिचकी मारा. नाणे टिचकीच्या उलट दिशेला उडते. आकड्यांत सांगायचे तर दूरच्या टोकाला केंद्राबरोबर पुढे जाण्याचा ०.५ आणि फिरण्यामुळे मागे येण्याचा १.५ असे दोन वेग आहेत, म्हणून ते १ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येते. मग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असा बिंदू असणार जो त्या क्षणी हलतच नाही. तो टिचकीच्या टोकापासून लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर येतो. टोकाला टांगून झुलणाऱ्या एकसमान दांड्याचा आवर्तकाल ज्या साध्या लंबकाइतका असतो त्या लंबकाची लांबीही हीच, दांड्याच्या दोन-तृतीयांश. हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनातून मिळते. हा योगायोग नाही, दोन्हींमागे जडत्व आघूर्णाचे तेच समीकरण आहे, पण ते स्वतंत्र उत्तराचे काम आहे.

उताराच्या उदाहरणाकडे वळू, कारण तुमची शंका खरी तिथूनच आली असावी. ३० अंशांच्या उतारावर घर्षणाविना घसरणाऱ्या ठोकळ्याचे त्वरण ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव वृत्तचितीचे त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.२७; भरीव गोलाचे पाच-सप्तमांश, म्हणजे ३.५, पातळ कड्याचे निम्मे, २.४५. वस्तुमान आणि त्रिज्या काहीही असो, हे क्रम बदलत नाहीत. पण वृत्तचिती मागे का पडते याचे कारण शोधताना तिच्यावरची बले मोजा. ठोकळ्यावर उताराच्या दिशेने फक्त गुरुत्वाकर्षणाचा घटक आहे. वृत्तचितीवर तो घटक आहे आणि त्याच्या एक-तृतीयांश इतके स्थैतिक घर्षण उताराच्या वरच्या दिशेने आहे. निव्वळ बलच दोन-तृतीयांश उरले, म्हणून त्वरण दोन-तृतीयांश. कुठलेही बल फिरण्याने खाल्लेले नाही. वजाबाकी करणारे दुसरे बल तिथे प्रत्यक्ष हजर आहे. हा उतार पूर्णपणे गुळगुळीत केला तर वृत्तचिती न फिरता ठोकळ्याच्या बरोबरीनेच खाली येईल. मधल्या अवस्थेत, म्हणजे घर्षण गुणांक ३० अंशांच्या उतारासाठी सुमारे ०.१९ पेक्षा कमी असेल तर, ती फिरेलही आणि घसरेलही, आणि तेव्हा वरचे अपूर्णांक लागू होणार नाहीत.

या घर्षणाबद्दल आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास अडवते. घरंगळताना स्पर्शबिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून स्थैतिक घर्षणाचे कार्य शून्य आहे असे पुस्तक सांगते. मग कार्य न करणारे बल सरकण्याची ऊर्जा कमी कशी करते? उत्तर असे की केंद्राच्या गतीच्या समीकरणात घर्षणामुळे जेवढी ऊर्जा वजा होते, बरोबर तेवढीच त्याच्या टॉर्कमुळे घूर्णनाच्या समीकरणात जमा होते. एकूण शून्यच, पण वाटणी त्याने केली. वाटली जाते ती ऊर्जा, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

‘फिरणे म्हणजे सरकण्यातली घट’ ही समजूत पक्की रुतलेली असेल तर हे एक उदाहरण स्वतः सोडवून पाहा, मला ते फार उपयोगी वाटते. सपाट खडबडीत पृष्ठभागावर भरीव वृत्तचिती ठेवा, तिच्याभोवती दोरा गुंडाळा, आणि दोरा वरच्या बाजूने सुटेल अशा रीतीने आडवा ओढा. वृत्तचिती न घसरता घरंगळते. घर्षणाची दिशा गृहीत धरू नका, दोन समीकरणांतून ती काढा. उत्तर असे येते की घर्षण पुढच्या दिशेने, ओढण्याच्या बलाच्या एक-तृतीयांश आहे, आणि केंद्राचे त्वरण त्याच बलाने ओढलेल्या घर्षणरहित ठोकळ्याच्या चार-तृतीयांश पट आहे. इथे वृत्तचिती फिरत असूनही, किंबहुना फिरते म्हणूनच, जास्त त्वरेने पुढे जाते.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक उपप्रश्न होता : टॉर्क मध्याभोवतीच का घ्यायचा, पट्टीच्या ज्या टोकाला बल लावले त्याच्याभोवती घेतला तर चालेल का? तसे करून बघा. त्या टोकाभोवती बलाचा भुजा शून्य, म्हणून टॉर्क शून्य, म्हणून कोनीय त्वरण शून्य, म्हणजे पट्टी फिरणारच नाही; पण ती फिरते हे तर समोर दिसते. टॉर्क बरोबर जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण हे सूत्र दोन ठिकाणी निर्धास्तपणे वापरता येते : स्थिर आसाभोवती, आणि वस्तुमान केंद्राभोवती, मग त्या केंद्राला त्वरण असले तरी. पट्टीचे टोक हे यांपैकी काहीच नाही. त्याला स्वतःला मोठे त्वरण आहे, आणि त्याच्याभोवती समीकरण लिहायचे तर त्या त्वरणासाठी एक जादा पद घ्यावे लागते. याउलट, टोकाऐवजी टेबलावरची ती जागा घ्या जिथे टिचकी बसली, म्हणजे टेबलाशी स्थिर असलेला बिंदू. त्याभोवती टॉर्क शून्य आहे, म्हणून कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप, जे टॉर्कशिवाय बदलत नाही) आधी शून्य होता तो नंतरही शून्य राहिला पाहिजे. तो दोन भागांचा असतो : केंद्राभोवतीच्या फिरण्याचा, आणि केंद्र त्या बिंदूच्या संदर्भात पुढे जाते त्याचा. आपल्या आकड्यांत पहिला ०.०५ आणि दुसरा उणे ०.०५ किलोग्रॅम-मीटर वर्ग प्रति सेकंद येतो. या मार्गाने गेल्यास आवेग माहीत नसतानाही केंद्राचा वेग आणि कोनीय वेग यांचे गुणोत्तर मिळते; आदळणाऱ्या चकतीचे जे उत्तर मी वर थेट लिहिले ते मी एरवी याच वाटेने काढतो, कारण त्यात बलाचा संबंधच येत नाही.